चंद्राची दक्षिण चालते, घराची चालत नाही

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘चांद्रयान-३’चा ‘विक्रम’ चंद्रावर अलगद उतरला. ती जागा चंद्राच्या दक्षिण गोलार्धात, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर होती. इतक्या दक्षिणेला तोपर्यंत कोणत्याही देशाचे यान सुखरूप पोहोचले नव्हते. शाळाशाळांतून टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले आणि पुढे तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला. त्याच देशात आजही घराचे दार दक्षिणेला असेल तर गिऱ्हाईक पाऊल मागे घेते, आणि सौदा झालाच तर किंमत पाडून मागते. चंद्राच्या दक्षिणेचा अभिमान आणि घराच्या दक्षिणेचे भय या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात. या सहजीवनाची कठोर तपासणी व्हायला हवी.

जयपूरच्या पश्चिम भागातील खातीपुऱ्यातले एक घर डोळ्यांपुढे आणावे. घर काल्पनिक आहे, पण त्यात घडणारे काहीच अनोळखी नाही. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून गेलेल्या एका कुटुंबाने तिथे दक्षिणाभिमुख घर घेतले. राजस्थानी बोलीत ‘खाती’ म्हणजे सुतार. वस्तीच्या नावातच लाकडाला रंधा मारणाऱ्या, गुण्या आणि ओळंबा वापरणाऱ्या हातांची आठवण आहे. घराच्या सजावटीला मात्र सुताराच्याही आधी सल्लागार आला. त्याने दार दक्षिणेला, स्वयंपाकघर ईशान्येला आणि शौचालय चुकीच्या कोपऱ्यात असल्याचे सांगितले. भिंती पाडायच्या तर खर्च लाखांत. कुटुंबाचे चेहरे उतरलेले पाहून त्याने पुढचे पान उलगडले: ‘बिना तोडफोड’ उपाय. दारावर आठ कोनांचा आरसा, दिवाणखान्यात हसरा बुद्ध, टेबलावर तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, उत्तरेला पाण्यातले कासव, खिडकीत वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या, कोपऱ्यात लाल फितीने बांधलेला लकी बांबू. भय वास्तुशास्त्राने निर्माण केले आणि त्यावरचा उतारा फेंगशुईने विकला. भारतीय मध्यमवर्गीय घरांत फेंगशुईचा शिरकाव प्रामुख्याने याच वाटेने झाला.

या व्यवहारातली पहिली लबाडी अशी की रोग सांगणारे शास्त्र आणि औषध देणारे शास्त्र परस्परांच्या विरुद्ध बोलतात. चिनी परंपरेत घराने उत्तरेकडे पाठ करून दक्षिणेकडे तोंड करणे उत्तम मानले जाते. बीजिंगच्या राजप्रासादाचे मुख्य द्वार दक्षिणेला आहे आणि सम्राटाचे सिंहासनही दक्षिणाभिमुख होते. वास्तुशास्त्राच्या लेखी मात्र दक्षिण ही यमाची दिशा. तेव्हा खातीपुऱ्यातल्या त्या घराचे दार एका शास्त्रानुसार राजाला शोभणारे आणि दुसऱ्यानुसार मृत्यूला बोलावणारे ठरते. दोन्ही शास्त्रे जर विश्वव्यापी ऊर्जेचे नियम सांगत असतील, तर ती ऊर्जा हिमालय ओलांडताना आपले चिन्ह बदलते असे मानावे लागेल. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक पुण्यात एक आणि शांघायमध्ये दुसरा असता, तर भौतिकशास्त्राचे दुकान केव्हाच बंद झाले असते. इथे मात्र एकाच काउंटरवर दोन्ही माल मिळतात आणि विक्रेत्याच्या कपाळावर आठीही उमटत नाही.

चिनी दक्षिणेमागचे कारण मुळात गूढ नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात आणि सूर्य दक्षिणेच्या आकाशात खालून सरकतो. पाठीला डोंगर आणि तोंडाला ऊन ही थंड प्रदेशातल्या शेतकऱ्याची अक्कल होती. ती त्या अक्षांशावर खरी होती. तिचे रूपांतर जेव्हा सर्व देशांत, सर्व घरांत आणि सदनिकेतल्या प्रत्येक कपाटात लागू होणाऱ्या नियमात झाले, तेव्हा अक्कल संपली आणि पोथी सुरू झाली.

मग खातीपुऱ्यातली दक्षिण चांगली की वाईट? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण त्याचे उत्तर काढता येते. जयपूरचा अक्षांश सुमारे २७ अंश उत्तर. २१ जूनच्या मध्यान्ही तिथे सूर्य क्षितिजापासून साडेशहाऐंशी अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा साधा छज्जा असेल, तर त्या वेळी त्याची सावली सारी भिंत झाकते. त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडते ते फक्त मधल्या काही तासांत, तेही घसरते. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४० अंशांवर येतो. त्याच छज्जाची सावली आता अर्धा मीटरच उतरते आणि तिच्याखालून ऊन थेट खोलीत शिरते. उन्हाळ्यात आपोआप सावली आणि हिवाळ्यात आपोआप ऊब देणारी, एका हाताच्या छज्जावर ताब्यात राहणारी ही एकमेव दिशा आहे. जिला यमाची म्हणून हिणवले, ती जयपुरातली सर्वांत समंजस भिंत आहे.

खरी खलनायिका पश्चिम. जूनमध्ये घड्याळात साडेपाच वाजता जयपूरचा सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर, जवळजवळ समोरून तळपत असतो. त्या वेळी ६० सेंटिमीटरच्या छज्जाची सावली पश्चिमेच्या खिडकीवर वीतभर उतरते. बाकी सारी खिडकी उघडी. हवा दिवसभर तापलेली, भिंत तापलेली आणि त्यावर हे आडवे ऊन. आता विक्रेत्यांचा नकाशा पाहावा. फेंगशुईच्या अष्टकोनी चौकटीत पश्चिम ही संततीची आणि सर्जनाची दिशा. सध्या लोकप्रिय असलेल्या सोळा विभागांच्या वास्तुचक्रात पश्चिमेला लागून असलेला, नैर्ऋत्येकडचा तुकडा विद्याभ्यासाचा. त्यामुळे एरवी एकमेकांशी भांडणारी दोन्ही शास्त्रे इथे संगनमत करून बारावीतल्या मुलीचे टेबल पश्चिमेच्या खोलीत नेऊन ठेवतात. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी चार ते सात या वेळात त्या खोलीत बसून तिने प्रवेशपरीक्षेची गणिते सोडवायची. ती पेंगली, चिडली, तिचे गुण घसरले, तर सल्लागार पुन्हा येणार आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्फटिकाचा गोळा टांगणार. भिंतीचे तापमान कोणीच मोजणार नाही.

इथे जयपूरचेच उदाहरण तोंडावर फेकले जाईल, की हे नगर वास्तुशास्त्रानुसार नऊ चौकांत वसवले आणि म्हणूनच ते भरभराटले. उदाहरण जरूर घ्यावे, पण पूर्ण घ्यावे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहाने आमेरच्या डोंगरातून उतरून मैदानात राजधानी वसवली आणि आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. नऊ चौकांची कल्पना होती, यात शंका नाही. पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला. पोथीसाठी डोंगर फोडला नाही आणि डोंगरासाठी देवाला नवसही केला नाही. वायव्येचा चौक गाळून पूर्वेकडे वाढवला. नगराचा मुख्य पूर्व-पश्चिम रस्ता पृथ्वीच्या पूर्व-पश्चिम रेषेवर नाही. सारी जाळी सुमारे १५ अंशांनी वळलेली आहे. तो मुख्य रस्ता जमिनीच्या उंचवट्याच्या कण्यावरून नेला, म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना उतरून जाते. जयपूर उभे राहिले ते चौकट जमिनीसमोर वाकवल्यामुळे. विद्याधरांनी जे डोंगरासाठी आणि पाण्यासाठी केले, ते आज खातीपुऱ्यातल्या गृहस्थाने उन्हासाठी करायचे ठरवले तर त्याला ‘दोष’ म्हटले जाते.

आणि जयसिंहाची खरी ओळख नऊ चौक नव्हेत, ती जंतरमंतर. तिथल्या सम्राट यंत्राचा शंकू २७ मीटर उंच आहे आणि त्याचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका. त्याच्या पट्टीवरून सूर्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती नुसत्या डोळ्यांनी चालताना दिसते. राजाने हे अवाढव्य दगडी यंत्र उभारले, कारण जुनी कोष्टके आणि आकाश यांचा मेळ बसत नव्हता. पोर्तुगालला माणसे पाठवून त्याने युरोपातली नवी कोष्टके मागवली आणि तीही डोळे मिटून स्वीकारली नाहीत. फ्रेंच ज्योतिर्विद ला हायर यांच्या कोष्टकांत चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने चुकते, असे त्याच्या दरबारने निरीक्षणातून दाखवले. त्याच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राट यांनी अरबीच्या आधारे युक्लिडचे ‘रेखागणित’ संस्कृतात आणले. स्वदेशी म्हणून कवटाळायचे नाही आणि परदेशी म्हणून झिडकारायचे नाही. दोघांनाही आकाशाखाली उभे करून विचारायचे, असा तो दरबार होता. त्याच नगरात तीनशे वर्षांनी चिनी कासव एका शब्दाच्या चौकशीविना उत्तरेच्या फळीवर विराजमान होते. परंपरेचा अपमान कोण करते आहे, प्रश्न विचारणारे की कासव विकणारे?

फेंगशुईच्या बाजूनेही न्याय करावा. तिच्या पोटातून एक अस्सल विज्ञान जन्मले आहे. चुंबकीय सुई चीनमध्ये दर्यावर्द्यांच्या आधी जमिनीचे शकुन पाहणाऱ्यांच्या हातात होती. इ.स. १०८८ च्या सुमारास शेन कुओ या बहुश्रुत अधिकाऱ्याने लिहून ठेवले, की सुई नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेकडे झुकते. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर वेगळी असल्याचा हा फार जुना उल्लेख आहे. सुई खोटे बोलते आहे की पोथी, हे पाहण्याची त्याची तयारी होती. आजचा सल्लागार त्या सुईची जागा खिशातल्या मोबाइलला देतो आणि शेन कुओची शंका मात्र फेकून देतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भारतात साधारण ४० ते ५० मायक्रोटेस्ला, म्हणजे अतिशय दुबळे. स्लॅबमधली सळई, लोखंडी दार, फ्रिज, ध्वनिवर्धकातले चुंबक यांच्याजवळ मोबाइलची सुई सहज दहा-वीस अंश भरकटते. वर्तुळाचे सोळा भाग केले तर एका भागाला साडेबावीस अंश येतात. चिनी पद्धतीने चोवीस केले तर पंधरा. म्हणजे सल्लागार फ्रिजजवळ उभा राहिला की ‘धन’ आणि तीन पावले सरकला की ‘रोग’. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग आपल्याच घरात करावा: एकाच खोलीत सात ठिकाणी उभे राहून उत्तर दिशा नोंदवावी आणि सातही आकडे एका कागदावर लिहावेत. त्या कागदाएवढे प्रभावी खंडन दुसरे नाही.

‘ऊर्जा’ हा शब्द या धंद्याने भौतिकशास्त्राकडून उसना घेतला आणि परत केला नाही. भौतिकशास्त्रात ऊर्जेला एकक आहे, ती मोजता येते, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना तिचा हिशेब जुळावा लागतो. ‘सकारात्मक ऊर्जा’ किती ज्यूल? आरसा लावल्यावर किती वाढली? शेजारच्या घरातली किती कमी झाली? या प्रश्नांवर कोणी हातातली वळणारी दांडी दाखवतो, कोणी तरंग टिपणारा म्हणून अँटेना फिरवतो. १८५३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनमधल्या ‘फिरत्या टेबलां’ची परीक्षा घेतली होती. भोवती बसलेल्यांना वाटे की टेबल आत्म्यामुळे सरकते. फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणारे थर घालून दाखवले, की आधी हात ढकलतात आणि मग टेबल हलते. ढकलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. हे सिद्ध होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. दांडी अजून वळते आहे आणि बिल अजून फाटते आहे.

कोणी म्हणेल, हे मोजमापाच्या पलीकडचे आहे. मग परिणामाचे दावे कशासाठी? धन येईल, लग्न जमेल, आजार हटेल हे दावे याच जगातले आहेत आणि याच जगात तपासता येतात. मराठी वाचकांसमोर त्याचा आदर्श आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले अशा दोनशे जणांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. एक्कावन्न जण पुढे आले, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली, अचूकतेची सरासरी निघाली ४६ टक्के. नाणेफेक यापेक्षा वाईट ठरली नसती. चाचणी स्वस्त होती, निःपक्षपाती होती आणि तिच्यात कोणाच्या श्रद्धेला शिवी नव्हती.

घरांच्या बाबतीत तर प्रयोगशाळा बिल्डरांनीच बांधून ठेवली आहे. प्रत्येक मोठ्या संकुलात एकाच मजल्यावर आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलट्या आखणीच्या सदनिका असतात. एकीचे स्वयंपाकघर आग्नेयेला असेल तर समोरचीचे नैर्ऋत्येला. रहिवाशांचे उत्पन्न, पाणी, हवा, लिफ्ट सारे समान. फरक फक्त दिशेचा. नैर्ऋत्येची चूल खरोखर आयुष्य कमी करत असती, तर ते सर्वांत आधी आयुर्विमा कंपन्यांना कळले असते. त्यांचे गणिती मृत्यूच्या प्रत्येक कारणाचा पाठलाग करतात, कारण त्यांचा पैसा त्यात अडकलेला असतो. विम्याच्या अर्जात वय विचारतात, तंबाखू विचारतात, आई-वडिलांचे आजार विचारतात. चुलीची दिशा विचारत नाहीत. माणसाच्या मरणावर ज्यांचा नफातोटा ठरतो, त्यांना जे दिसले नाही ते सल्लागाराला पहिल्याच भेटीत दिसते, याचे नवल वाटायला हवे.

योगायोगाला दोष मानण्याची ही खोड घरापुरती राहत नाही. जयपुरातच राजस्थान विधानसभेची नवी इमारत आहे. २००१ पासून कामकाज तिथे चालते. फेब्रुवारी २०१८ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने दोन आमदारांचे आजाराने निधन झाल्यावर, सदस्यांनीच शंका काढली की ही जागा एके काळी स्मशानाची होती, म्हणून दोनशेच्या दोनशे आमदार इथे कधी एकत्र बसत नाहीत. शांतीसाठी होमहवन करावे. आता साधा हिशेब मांडावा. सदस्य दोनशे, बहुतेक मध्यमवयीन किंवा त्यापुढचे. त्यांच्यातला वार्षिक मृत्युदर हजारी केवळ पाच धरला, तरी वर्षाला सरासरी एक आणि पाच वर्षांत पाच मृत्यू अपेक्षित आहेत. पाच वर्षांत एकही मृत्यू न होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी निघते. त्यात लोकसभेवर निवडून गेल्याने रिकाम्या झालेल्या जागा धराव्यात. दोनशेच्या दोनशे जण सलग टिकले असते, तर तो चमत्कार ठरला असता. न टिकणे ही अंकगणिताची सामान्य वागणूक आहे. कायदे करणाऱ्यांना हे त्रैराशिक सुचू नये आणि होम सुचावा, ही चिंतेची बाब आहे.

‘पण त्यात नुकसान काय? घर आवरले जाते, मन प्रसन्न होते,’ हा शेवटचा आणि सर्वांत गोड युक्तिवाद. घर आवरावे, उजेड यावा, पलंगावर जड वस्तू टांगू नये, हे कोण नाकारते? पण त्यासाठी बेडकाची गरज नाही. खऱ्याच्या पाठीवर खोटे बसवले की खोट्यालाही खऱ्याची पत मिळते. हीच तर युक्ती आहे. आणि नुकसान आहे. लकी बांबू हा मुळात बांबूच नव्हे. ती ड्रॅसिना कुळातली, आफ्रिकेत कॅमेरूनकडे उगवणारी वनस्पती आहे. हजारो वर्षांची चिनी परंपरा म्हणून जे विकले जाते ते आफ्रिकेचे झुडूप निघते, हा विनोद सोडून देऊ. पण तिच्या भांड्यातले साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हवे तसे असते. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात चीनहून आलेल्या लकी बांबूच्या खेपांतून एडिस अल्बोपिक्टस हा डास उतरल्याची नोंद आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्याच्या कोपऱ्यात ठेवलेले भांडे दर आठवड्याला घासले नाही, तर ते आरोग्याचे काय करील हे सांगायला सल्लागार लागत नाही.

त्याहून मोठे नुकसान दोषाच्या वाटणीत आहे. घरात कोणी आजारी पडले की डॉक्टरांआधी कोपरा तपासला जातो. धंदा बसला की हिशेबाची वही न उघडता दार हलवले जाते. आणि उपाय करूनही फरक पडला नाही, तर आरसा कधीच चुकत नाही. चुकते ते माणूस, बहुधा घरातली नवी सून किंवा नापास झालेले पोर. जुन्या ग्रंथांतही ही वाटणी उघड होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ब्राह्मणाने पांढऱ्या मातीवर, क्षत्रियाने तांबड्या, वैश्याने पिवळ्या आणि शूद्राने काळ्या मातीवर घर बांधावे असे आहे, घराची मापेही वर्णानुसार घटत जातात. आजचा जाहिरातदार ते पान गुपचूप गाळतो आणि उरलेल्याला सनातन विज्ञान म्हणतो. जे पान गैरसोयीचे म्हणून गाळता येते, ते निसर्गनियमाचे पान नव्हते, एवढे तरी यातून सिद्ध होते. चीनमध्येही पहिल्या शतकात वांग चोंग याने कुळाच्या नावाच्या उच्चारावरून घराचे दार ठरवणाऱ्यांची हजेरी घेतली होती. चिकित्सा ही परकी देणगी नव्हे. प्रत्येक परंपरेत ती पोथीइतकीच जुनी आहे.

कायद्याची मदत थोडी आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ जानेवारी २०२१ रोजी, ‘हनुमान चालीसा यंत्रा’च्या खटल्यात, वस्तूंना चमत्कारी शक्ती चिकटवून त्या दूरचित्रवाणीवरून विकण्याच्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. त्या निर्णयाचे तर्कशास्त्र यंत्राला लागू पडते आणि बेडकाला पडत नाही, असे म्हणायला कारण नाही. पण न्यायालय प्रत्येक दिवाणखान्यात येऊ शकत नाही. ते काम शिक्षणाचे, आणि नेमके तिथेच पाणी मुरते आहे. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ विद्यापीठांत आणले. त्याविरुद्धची याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. २०१७ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना वास्तुशास्त्र शिकवण्याचे वृत्त देशभर गाजले. २०२३ मध्ये आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी एकूण श्रेयांकांतील किमान पाच टक्के भारतीय ज्ञान परंपरेसाठी सुचवले. यातला विषय आक्षेपार्ह नाही. सम्राट यंत्र, छज्जा, जाळी, चौक, बारव आणि चुन्याचा गिलावा यांचा अभ्यास व्हायलाच हवा. त्यांत मोजण्याजोगे ज्ञान ठासून भरले आहे. आक्षेप आहे तो परीक्षेविना मिळणाऱ्या प्रशस्तिपत्राला. वास्तुविद्या इतिहास म्हणून शिकवावी, दावा म्हणून आली तर तपासावी. वर्गात ‘ईशान्येला पाणी का?’ हा प्रश्न विचारता येत नसेल, तर तो वर्ग नव्हे, ते प्रवचन आहे. राज्यघटनेच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य १९७६ पासून लिहिलेले आहे. ते फक्त नागरिकाला लागू आणि अभ्यासक्रमाला माफ, अशी तिथे तळटीप नाही.

खातीपुऱ्यातल्या घराकडे परत यावे. तिथे करण्याजोगे पुष्कळ आहे. दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जा काढावा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा लाकडी झडप लावावी, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर लावलेला पडदा उशिरा पोहोचलेला असतो. जागा असेल तर पश्चिमेला कडुलिंब लावावा. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा, कारण उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन छतच झेलते. समोरासमोरची तावदाने रात्री उघडी ठेवावीत. स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारा पंखा घ्यावा. चूल कोणत्या दिशेला आहे यापेक्षा धूर कोणत्या दिशेला जातो ते रोज रांधणाऱ्या बाईच्या फुप्फुसांना अधिक महत्त्वाचे आहे. या सर्वांचा खर्च बेडूक, कासव, आरसा आणि सल्लागाराची फी यांच्या बेरजेशी ताडून पाहावा.

आणि मुलीचे टेबल दक्षिणेच्या खिडकीशी आणावे. ते आणण्यापूर्वी पन्नास-शंभर रुपयांचा एक साधा तापमापक घेऊन दोन्ही खोल्यांचे तापमान आठवडाभर दुपारी पाच वाजता तिलाच नोंदवू द्यावे. आकडे विरुद्ध निघाले, तर टेबल तिथेच राहू द्यावे आणि हा सारा युक्तिवाद खुशाल खोडून टाकावा.